घट

बुटीबोरीच्या पुढं, वर्धा रोडला डाव्या हाताला,
टिनाच्या गोदामात चौदा वर्षं
माझी सही आणि एक पिंप
जोडीनं म्हातारं झालं.

पिंप नंबर सतरा. आत जवाची दारू.
("सिंगल माल्ट म्हणा हो साहेब," डोंगरवार बाई टोकायच्या.)
भरली तेव्हा दोनशे लिटर.
दर एप्रिलला मी सील तोडायचो,
पितळी गज आत सोडायचो,
ओल कुठवर आली ते चष्मा कपाळावर ढकलून वाचायचो
आणि रकाने भरायचो : जमा, शिल्लक, घट.
घटीपुढं कारण लागतं.
पहिल्या वर्षी लिहिलं, बाष्पीभवन.
वरून शेरा आला : चोवीस लिटर? खुलासा करावा.
मी खुलासा केला : नागपूर.

पिंप बांधलं कळमेश्वरच्या गोमाजी वाढईनं.
बाप त्याचा जन्मभर बैलगाडीची चाकं करायचा.
ओकाच्या फळ्या जहाजातून आल्या, सुट्या,
दुसऱ्याच कुठल्या दारूच्या वासाच्या.
एक फळी नाकाशी धरून तो म्हणाला,
"हे सागवान नोहे बापा. हे लाकूड आयकते."
चाकाला धाव चढवतात तशीच त्यानं पट्टी चढवली :
लाल करून, ठोकून, वर पाणी.
चर्र झालं, आणि लोखंडानं लाकूड आवळलं.
खिळा नाही, डिंक नाही,
फटीत फक्त पाणकणसाचं सुकं पान.

नवतपात छत दिवसभर कडकड वाजायचं.
दारू फळ्यांत शिरायची,
पहाटे रंग घेऊन परत यायची, थोडी कमी होऊन.
आमच्या कोरड्या हवेत पाणी आधी उडतं,
आग मागं राहते.
उडालेलं कोण पितं, ते बाहेरच्या भिंतीवर दिसायचं :
काळी बुरशी, दर वर्षी वीतभर वर.
हिवाळ्यात वारा वर्ध्याकडं वळायचा. तिकडं दारूबंदी.
चौदा वर्षं विनापरवाना वाहतूक,
आणि मी कुणावर केस केली नाही.

डोंगरवार बाई साकोलीच्या.
पदवी रसायनशास्त्राची, पण एकदा बोलून गेल्या,
"नाक मायच्या भट्टीवर शिकलं. मोहफुलं,
मडक्यावर मडकं, आणि कान पोलिसाच्या सायकलीकडं."
मी एक्साइजचा माणूस.
हे मी ऐकलेलं नाही.

पिंप फोडायच्या दिवशी गोमाजीला बोलावलं.
त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं, वरून खाली,
तीन ठिकाणी मान हलवली.
"आता भरल्यावानी नाही बोलत."
निघाली एकतीस लिटर.
मी घेत नाही. बाईंनी ग्लास नाकाखाली धरला,
वास घेणं नियमात बसतं का, ते मी आठवत राहिलो.
संत्रं नव्हतं, ते पाहुण्यांना सांगायला.
जळका गूळ होता. कूलरचा ओला वाळा.
आणि आणखी काहीतरी,
बहुतेक गाडीच्या आसाचं वंगण,
ते बाईंना सापडलं नाही, गोमाजीला लगेच.

बाटल्या दिल्लीला गेल्या.
एकीची किंमत म्हणे माझ्या चार पेन्शनी.
रिकाम्या लाकडात मुरलेली किती, याला रकाना नव्हता.
एकशे एकोणसत्तर लिटर घट,
कारणाची जागा मी या वेळी कोरी सोडली.
अजून पत्र आलेलं नाही.

मागच्या मे महिन्यात तिकडून जात होतो,
स्कूटर तापली म्हणून थांबलो.
सावली तेवढ्या भिंतीचीच होती.
पाठ टेकून बराच वेळ बसलो.
घरी शर्ट काढला तेव्हा बायको म्हणाली,
हे काळं कशाचं?