मुरू द्यावं

जुलै, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा.
विया क्रेस्पोतल्या माझ्या दुकानाच्या काचा आतून घामेजलेल्या,
आणि दोन हमाल दारातून तिरपा करून आत आणतात
डॉक्टर वाइनश्टोक यांचा दिवाण.
एकेचाळीस वर्षं लोक त्यावर आडवे होऊन
छताशी बोलले.

त्यांची मुलगी तामारा म्हणाली, नव्यासारखा करा.
मी म्हटलं, नवा मिळतो की, कोर्दोबा रस्त्यावर, हप्त्यांनी.
ती हसली नाही.
बरं, म्हणाली, निदान स्वच्छ करा.

आधी कोरडा ब्रश. शिवणींतून निघालं ते असं:
आता न चालणारी दोन नाणी,
मोतिया बटण, बसचं तिकीट,
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
दुःख सांगता सांगता कोण खात असेल?
आयलेन, माझी शिकाऊ पोरगी, सगळं बशीत काढून ठेवते.
फेकू नकोस, हे तिला सांगावं लागलं नाही.

मग साबणाचा नुसता फेस,
आधी खालच्या अंगाला, जिथे कुणी पाहत नाही.
ऑलिव्हचं तेल चोळू नये, शेजारणी काहीही सांगोत;
आठवडाभर मिरवतं आणि मग धूळ धरतं.
मानेपाशी काटेरी तारेचा एक ओरखडा आहे,
जनावर पाम्पावर चरत होतं तेव्हाचा.
तो माझ्या आधीचा, डॉक्टरांच्याही आधीचा.
त्याला मी हात लावत नाही.

उशाशी काळा गोल, ताटलीएवढा.
किती टाळू, किती तेलं, किती कलप,
एकावर एक.
खडूची पूड पसरली, रात्रभर ठेवली. सकाळी पूड पिवळी.
पुन्हा पसरली. तिसऱ्या रात्रीनंतर गोल फिकटला,
गेला नाही.
वर बसलेलं निघतं. मुरलेलं
मुरलेलंच राहतं, तुम्ही पैसे कितीही द्या.

भिंतीकडच्या कडेला नखांच्या चार ओळी.
आयलेनने त्यांवर बोटं ठेवून पाहिली
आणि हात ॲप्रनला पुसला.
हात तर कोरडाच होता.

गुरुवारी तामारा परत आली, टॅक्सीतून खुर्ची घेऊन.
ही त्यांची. ते मागे बसायचे, दिसायचे नाहीत.
मला वाटलं, तासाभराचं काम:
बसणारा एकच, तोही सडपातळ,
बैठक अजून ताठ, पाठ तर जवळजवळ नवी.
पण उजव्या हाताखाली काळी चिकटपट्टी,
तिच्याखाली तपकिरी, तिच्याखाली पुन्हा काळी.
सोलत गेलो. सात थर.
त्याखाली चामडं नव्हतंच.
अंगठ्याने घासून घासून चामडं गेलं होतं, मग कापड,
मग घोड्याचे केस,
आणि आतल्या लाकडालाही खळगा पडला होता,
गुळगुळीत, पायरीला पडतो तसा.

दिवाणावर इतकी माणसं, तरी चामडं शाबूत.
इथे एकटा माणूस, नुसता ऐकणारा.

घरी ते बोलायचेच नाहीत, तामारा म्हणाली,
जेवताना मीठसुद्धा बोटाने दाखवून मागायचे.
मी काही बोललो नाही. आमच्या धंद्यात
गिऱ्हाईक बोलतं तेव्हा सुईत दोरा ओवायला घ्यावा.
आयलेनने माते ओतला, भोपळा तिच्या हाती दिला.
ती दिवाणाच्या काठावर टेकली,
मागे रेलली नाही.

विचारणं भाग होतं:
खळगा तसाच ठेवून वरून चामडं ओढू, की भरू?
वरून कळणार नाही कुणाला.
हात टेकणाऱ्याला तेवढा कळेल.

तिने वाकून त्यात अंगठा ठेवला.
थोडा फिरवला. काढला. पुन्हा ठेवला.
माझा बसत नाही, ती म्हणाली.
भरा.

मी सरस गरम करायला ठेवला,
आणि आयलेनला म्हटलं, चाळलेला भुसा आण, बारीक.