आर

तार्तूत दुपारी साडेतीनलाच काळोख.
मारिका पडद्यावर ओळींखाली ओळी लावते:
लॅम्प्री, बेडूक, उंदीर, देवमासा, माणूस.
पेशीच्या कातडीतून सात वेळा आत-बाहेर
शिवलेला दोरा,
प्रत्येकाचा पीळ वेगळा.

अक्षरं बदललीत, गळलीत,
कुठे कुठे आख्खा तुकडाच परका.
पण तिसऱ्या टाक्याच्या शेवटी
उभ्या रांगेत अर्जिनीनचा आर, आर, आर,
वरून खालपर्यंत.
भोवरा कोट्यवधी वर्षं फिरला,
आर झिजली नाही.

सगळ्यात खाली आज आलेली ओळ.
वोरूचा ऊकू, वय अडीच.
रात्रभर पाणी मागतो.
परवा फुलदाणीतलं प्यायला,
त्याआधी कुत्र्याच्या वाडग्यातलं.
सवयच लागलीय, म्हणून आईनं
रात्रीचं पाणी बंद केलंय.

त्या रांगेत त्याच्यापाशी
एच.

मारिका चष्मा पुसते, पुन्हा पाहते.
एच.

डॉक्टर सावकाश सांगतील, रीतसर, सोमवारी.
आज शुक्रवार.
ती नियम मोडून फोन लावते, दोनच वाक्यं बोलते.

पलीकडे लीसी बराच वेळ काहीच म्हणत नाही.
मग नळ सोडल्याचा आवाज येतो.