शेपूट

गावडोंगरीत, वरच्या वाड्यावरच्या बोअरमध्ये
सोमवारी ओतला हिरवा रंग.
विष नव्हे, विषाची तालीम.
मॉडेल म्हणालं: खालच्या झरीला पोचायला अकरा दिवस.

पुरसो वेळीप, विहिरी खणण्यात जन्म गेलेला,
पहारीनं फातर वाजवून म्हणाला,
"भितरल्यान फुटला हो."
आणि बोट दाखवलं भलतीकडेच,
कुंपणापलीकडे, पिएदादच्या बांयकडे.

तिसऱ्या दिवशी पिएदादची कळशी हिरवी निघाली.
ती ओरडली नाही. एवढंच विचारलं,
"आणि खरंच काही असतं, तर?"

तर आयोडीन आलं असतं पाण्याचा हात धरून.
सीझियम अडखळलं असतं
फटीच्या ओठांवरल्या चिकणमातीला चिकटत, सुटत, परत चिकटत.
आणि थोडं शिरलं असतं खडकाच्या अंगात,
जिथं पाणी वाहत नाही, नुसतं असतं,
सुईलाही न सापडणाऱ्या भोकांत बसून राहिलं असतं
फट धुऊन निघेपर्यंत.
मग बाहेर.

यातलं काही मी बोललो नाही.
बाटल्यांवर तारखा घातल्या.

आलेख झटकन चढला, उतरलाही.
शेपूट मात्र शून्याला टेकेना:
चवथ गेली, नाताळ गेला,
शिगम्याचे ढोल सुरू झाले.
मिसाहून येताना पिएदाद थांबते, "उरलंय?"
मी बाटली उन्हात धरतो. डोळ्यांना स्वच्छ.
यंत्राला नाही.

तिच्यासाठी नवी बांय खणायचीय.
पुरसो रोज एक फातर वाजवतो,
कान लावतो,
पुढं सरकतो.