धर्मकाटा

पाटीवर तेलरंगात लिहिलंय: धर्मकाटा.
'ध'चं पोट कुणीतरी खऱ्याच्या पिचकारीनं भरलंय.
मी आत, जाळीच्या खिडकीमागं,
कळमन्याच्या मिरचीनं सदा लाल झालेलं नाक घेऊन,
अकरा वर्षं.
नाव शांतवन. आडनाव इथं कुणी विचारत नाही.

रविवारी सदरच्या चर्चमध्ये
अर्पणाची थैली मीच मोजतो.
एकदा आठ रुपयांचा मेळ बसेना,
तर मागच्या खोलीत पंखा बंद करून
घामानं चिंब होऊन
तीनदा मोजली.
पाळकसाहेब म्हणाले, शांतवन, तुझ्यासारखा माणूस…
आणि उरलेलं वाक्य बिस्किटासारखं चहात बुडवलं.

सोमवारी पहाटे भिवापूरची गाडी.
मागचं चाक अर्धं लोखंडावर, अर्धं मातीत.
एवढंच असतं.
कुणी कुलूप तोडत नाही, कुणाचा गळा धरत नाही.
खिडकीतून फक्त ओरडायचं असतं,
गाडी पुढे घे रे,
आणि मी ओरडत नाही.
हिरवे आकडे थरथरतात, थांबतात.
पावती फाडतो. व्यापाऱ्याची दोनशेची घडी
चष्म्याच्या घरात ठेवतो.
चष्मा असतो टेबलावर, पालथा.

दुपारी डब्यावर आशीर्वाद मागतो.
बोटांना मिरची असते, डोळे पुसले की झोंबतात.
समोरचा हमाल सांगत सुटतो,
आपल्या काटेवाल्याले प्रार्थनेत रडू येते बाप्पा.

उपवासकाळात मी चहा सोडला.
सलोमीनं कौतुक केलं.
चहा सोडणं सोपं होतं.

मग त्या चौथ्या आठवड्यात एक क्लीनर पोरगं,
दात घासायची काडी तोंडात,
चाकाजवळ उकिडवं बसलं आणि खिडकीकडं बघून म्हणालं,
"काका, तुमाले तिथून दिसत नसन.
चाक खाली हाय. चष्मा लावा ना."

दिसत नसन.
इतक्या वर्षांत माझ्याबद्दल
इतकं चांगलं कुणी समजलं नव्हतं.
टेबलावरचा चष्मा तसाच राहिला.
हात सवयीनं घराकडं गेला, झाकण उघडलं,
आत चौदा नोटा, एकीला एक चिकटलेल्या.

ओरडलो. आवाज फाटला, कोंबड्यासारखा.
कोंबडा मनात का आला, ते मी कुणाला सांगितलं नाही.
गाडी हातभर पुढे सरकली.
आकडा एकशे दहानं वर गेला.
व्यापारी म्हणाला, का बे, आज काय खाऊन आला?

मालक ओरडले नाहीत. ते वाईट होतं.
"काट्याले पोट नाही शांतवन, मले हाये,"
एवढंच बोलले, आणि सुपारी कातरत राहिले.
आता निम्म्या गाड्या रस्त्यापलीकडच्या काट्यावर जातात.
सलोमी रात्री विचारते, किती आल्या?
नऊ, म्हणतो.
बरं, म्हणते, आणि भाताचं आधण थोडं कमी ठेवते.
त्या 'बरं'चं वजन मला अजून कळलेलं नाही.

नोटा मी थैलीत टाकल्या नाहीत.
देवाच्या नव्हत्याच, त्याला परत काय करणार?
ज्यांच्या आहेत त्यांची नावं जुन्या पावत्यांवर आहेत,
कार्बनची, निळी, अर्धी पुसलेली.
सहा सापडली.
भिवापूरच्या बसमध्ये एकदा बसलो,
आणि उमरेडलाच उतरलो.
पुन्हा जाईन म्हणतो.

रात्रपाळीत कुणी नसलं की
मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहतो,
मधोमध, चपला काढून.
सरकारी दवाखान्यात भरलो होतो त्रेसष्ट.
काटा म्हणतो साठ.
दहाच्या आतलं त्याला दिसत नाही,
तो गाड्यांसाठी बनवलेला आहे.
माझं सगळं भांडण त्या वरच्या तिनाचं.

कामठी रोडकडून दिवे येतायत.
गाडी चढते, करकरते, थांबते.
पलीकडून कुणीतरी हात हलवून म्हणतंय, चालते, चालते.
मी मान बाहेर काढतो.
चाक अजून मातीत आहे.
घसा साफ करतो.