डाख

गॅरेजच्या सिमेंटवर रोज सकाळी एक डाग.
आधी बटणाएवढा, मग बशीएवढा.
ऑक्टोबर संपत आलेला, दारात अक्रोडाची पानं,
आणि जावा आपली उभी, निरागस,
कार्बोरेटरच्या पोटाखाली एक थेंब धरून.
पडू की नको, अशी.

मी बत्तीस वर्षं बस चालवली, यिहलावा ते हुम्पोलेत्स.
बस बिघडली की फोन करायचा, एवढं मला येतं.
बाकीचं पुस्तकातून:
पेट्रोलचा कॉक बंद कर. थेंब थांबला, तर दोष खाली.
थांबला.
मग वाटीचं वॉशर बदललं. थेंब.
नीडल काढली, टोकाला झिजेची कडा,
नखाला लागते एवढीच. नवी मागवली,
नऊ दिवसांनी आली. थेंब.
तिची बैठक घासली, टाकीतला गंज झटकला,
देवाचं नाव घेतलं, मग दुसऱ्या कुणाचं घेतलं.
थेंब.

बायको म्हणाली, पावाला पेट्रोलचा वास येतोय.
तू की गाडी, आधी कोणाला घराबाहेर काढू?

कुंपणापलीकडे हेडविका बीट उपटत होती.
गाडी तिच्याच नवऱ्याची, आलोइसची.
तो गेल्यावर तिनं मला विकली.
किंमत विचारली तेव्हा म्हणाली,
तू आकडा सांग, मी अर्धा करते.

मातीच्या हातांनीच आली.
“फ्लोट हलवून ऐकलास?”
त्यात ऐकायचं काय?
तिनं तो पितळी डबा, जर्दाळूएवढा,
नासकं अंडं बघावं तसा कानाशी हलवला.
“पोट भरलंय याचं. जो स्वतःच बुडालाय
तो वर येऊन दार कसं लावणार?”

पातेल्यात पाणी उकळलं,
तिनं आधी गॅस बंद करायला लावला,
मग पातेलं अंगणात नेलं आणि फ्लोट चमच्यानं दाबून धरला.
सांध्यापाशी बुडबुडे, बारीक, एकामागोमाग,
जणू आत कोणी हळूच काही सांगतंय.
त्याच्या शेजारीच एक करडा टिपका.
जुना डाख.
“आलोइसचा हात काय सुबक होता,” मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला बादलीवर बसावं लागलं.
“आलोइसचा?
तो ओतशाळेत रात्रपाळीला, थेंबाला कंटाळून बसनं जायचा,
गाडीला शिव्या द्यायचा, मला हात लावू द्यायचा नाही.
मी रेडिओच्या कारखान्यात, दिवसाला चारशे सांधे.
एका रात्री उघडली, डाखली, सकाळी सगळं जागच्या जागी.
गावभर सांगत सुटला,
जावा आहे ती, आपोआप बरी होते.”

सांगितलं नाहीस कधी?

“सांगणार होते.
पण आठवडाभर इतका खूश होता…
मग राहिलंच.”

फ्लोट दोन रात्री खिडकीत ठेवला, वास जाईपर्यंत.
मग कावीया तापवला.
माझा डाख चामखिळीसारखा जाड.
तिनं चष्म्यावरून पाहिलं:
“वजन वाढलं की फ्लोट आळशी होतो. उतरव.”
उतरवला. परत चढवला. परत उतरवला.
शेवटी दोन टिपके शेजारी शेजारी,
तिचा मोहरीएवढा, माझा वाटाण्याएवढा.
वाटाण्याहून जरा लहान म्हणू या.

गाडी जोडली, कॉक उघडला,
उपड्या बादलीवर तासभर बसलो.
मांजर येऊन गेलं. काही पडलं नाही.

सकाळी सिमेंटवर फक्त जुनाच डाग.
बायकोनं पाव हुंगला आणि काही बोलली नाही,
म्हणजे बरंच बोलली.

कुंपणावरून हेडविकानं भुवया उंचावल्या.
मी म्हणालो, जावा आहे ती, आपोआप बरी झाली.

ती बीट मोजत होती. मोजणं चुकलं, पुन्हा सुरू केलं.
“हे चार घेऊन जा.
आणि त्या कॉकचं बूच सुकलंय,
आजच पाण्यात भिजत घाल.
पुढच्या महिन्यात तिथूनच गळणार आहे.”