निरंक

एप्रिलात आमच्या ऑफिसातला कूलर
नुसता आवाज करतो.
त्या आवाजात मी वार्षिक अहवाल टाइप करत होतो:
नोंदणीकृत कारखाने, दिलेल्या भेटी,
दाखल खटले, वसूल दंड.
शेवटचा रकाना, डोळ्यास इजा: निरंक.
शून्य लिहायला आधी मोजावं लागतं,
निरंक लिहायला लागत नाही.

गाजूलबाई आल्या. नीलम नगर, विडी कामगार,
बोटांना तंबाखूचा वास,
पिशवीत पोराचा केसपेपर.
टॉवेलच्या मागावरनं धोटा सुटला
तो रघुपतीच्या डाव्या डोळ्यात.
"तुमच्या पुस्तकात ह्ये कुठल्या पानावर हाय?"

मी समजावलं.
शेड एकच, पण कागदावर कारखाने चार,
मधे चादरींचे पडदे,
पडद्यामागे नऊ-नऊ माणसं.
वीसच्या आत आमची नोंदच नाही, बाई.
"मग धोट्याला सांगा की,
किती माणसांत उडायचं ते."

अहवाल छापतात का, विचारलं त्यांनी.
छापायला हवा, म्हणालो.
लोकांना दिसेल असा लावायलाही हवा.
व्हरांड्यातल्या फलकावर
सहा वर्षांपूर्वीची भेटींची यादी,
काच तडकलेली,
आत पालीनं घातलेली दोन अंडी.

आठ दिवसांनी परत आल्या.
जुन्या विडी पासबुकाची मागची कोरी पानं,
पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधणारा हात,
त्याला हिशोब कोण शिकवणार?
गल्लीगल्लीनं लिहून आणलं होतं.
मोजणी तेलुगूत, बाकी मराठीत:
ओकटी, वडनाल, उजवा हात, पट्ट्यात.
रेंडू, दोन बोटं, नाव नको म्हणाली, मालक मामा आहे.
मूडू, चिप्पांचा धाकटा, शॉक,
घरच्यांनी सांगितलं, ताप होता.
एकोणिसाव्याला थांबून पाणी प्यायल्या.
एकतीसवर पानं संपली,
गल्ल्या नाही संपल्या.

साहेब दौऱ्यावर होते.
आमच्या नमुन्यात गल्लीला रकाना नाही,
मामाला तर नाहीच.
मी शिक्का उचलला.
आवक क्रमांक चारशे बारा, आजची तारीख.
"ह्याचं काय हुणार?"
"आता हे आलंच नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही."
"बास?"
"सध्या एवढंच."

पोच घेऊन गेल्या.
जाताना झेरॉक्स फलकाच्या काचेवर डकवली,
सुताला लावतात त्या खळीनं.
शिपाई काढायला धावला,
वाचत उभा राहिला.
त्याचा मेहुणा होता सातव्या नंबरला.

मी परत खुर्चीत.
कर्सर त्या शब्दाच्या अलीकडे लुकलुकत होता.
डिलीट दाबलं, नि गेला,
पडद्यावर क्षणभर
रंक उरलं.
मग तेही पुसलं.

रकाना मोकळा आहे.
मुंबईला पाठवायला अजून चार दिवस आहेत.