अंगठ्याच्या मुळाशी

सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेली हाडं
चादरीच्या पिशवीतून विडी घरकुलात आणली
तेव्हा आई उंबऱ्यातच आडवी आली.
"परक्या मेल्याला घरात चहा कोण देणार?"
एवढंच म्हणाली, आणि पिशवी
बाहेर पाण्याच्या टाकीवर ठेवायला लावली.
वर दोन विटा.

एप्रिल. बेचाळीस डिग्री.
चौथ्या दिवशी गज्जमांचं कुत्रं टाकीभोवती घुटमळलं,
तर तिनेच ती आत आणली,
ओल्या फडक्यातल्या तेंदूपानांशेजारी ठेवली.
"तापला असेल बिचारा."

रात्री मी पाठ करते, ती विड्या वळते.
कोपर म्हणजे बिजागरी. दारासारखं, एकाच अंगानं उघडणारं.
खांदा म्हणजे उखळ,
पण इतकं उथळ, की हात चहूकडे पोचतो
आणि म्हणूनच सगळ्यांत आधी निखळतो.
(बाबांचा निखळला होता, रात्रपाळीत.
जॉबरनं काखेत टाच रोवून बसवला
आणि म्हणाला, माग थांबलाय.)

हाडं आपण होऊन हलत नाहीत, आई.
स्नायू ओढतात. ढकलणं त्यांना जमतच नाही.
एकानं ओढलं की समोरच्यानं सैल सोडायचं.
"आणि दोघांनी ओढलं तर?"
तर काहीच हलत नाही.
"हां," ती म्हणाली, "मग नणंद-भावजय."

टोकांवर कूर्चा, काचेहून गुळगुळीत.
मधे वंगण, अंड्याच्या पांढऱ्यासारखं.
"ते आटलं की?"
मी पान उलटलं. पुढं फुफ्फुसं होती.

कीलु, ती म्हणते. आमच्या तेलुगूत
सांधाही कीलु आणि कपाटाची बिजागरीही कीलु.
आमच्या घरात दोन्ही कुरकुरतात.

मनगटात आठ हाडं, खड्यांएवढी.
मी तीनदा मोजली. सात.
अंगठ्याच्या मुळाशी बसतं, नेमकं तेच नाही.
आता सीनियर फोन उचलत नाही.
"कसलं असतं ते?"
खोगिरासारखं. त्यावर दुसरं खोगीर, आडवं.
म्हणून अंगठा पुढं येतो, मागं जातो,
आणि वळून चारही बोटांना भेटतो.

आईनं सूप मांडीवरून उतरवलं,
पदराला हात पुसला,
आणि उजवा पंजा माझ्या पुस्तकावर ठेवला.
"घे. हे बघ."

मुळाशी उंचवटा. चौकोनी, टणक.
बत्तीस वर्षं, रोजच्या हजार.
"वळ," मी म्हटलं, आणि तिनं पानाशिवाय
विडी वळली, हवेतली,
बोटाखाली मला करकर लागली,
ओल्या वाळूवर पाय पडावा तशी.
दुखतं?
"वळताना नाही. थांबल्यावर."

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं,
अंगठ्याची खास हालचाल सांगा.
अपोझिशन, मी म्हणाले.
मराठीत?
विरोध.
सर हसले. बाहेरून आलेले परीक्षकही.
मला कारखान्याची खिडकी दिसत होती:
शंभर विड्या छाट म्हणून फेकल्या जातात
आणि आई गप्प, मोकळं सूप काखेत मारून निघते.
घरी आल्यावर तिचा अंगठा तेवढा
हजार वेळा चार बोटांच्या समोर उभा राहतो.

पास झाले. जोडबसवण्णा चौकात उतरून
पावशेर म्हैसूरपाक घेतला.
ती म्हणाली, आधी त्याला दाखव.
कुणाला?
तिनं पानांच्या टोपलीकडे हनुवटी केली.

पिशवी परत द्यायला बाहेर काढली, ज्युनियर मुलगी दारात उभी,
मी मनगटाची हाडं तिच्यासमोर मोजली.
आठ.
आठवं जरा तांबूस, चकचकीत.
चिंचोका.
एका बाजूनं घासून घासून
मधे खोलगट केलेला.